टमी टकचा छेद आणि मागे राहणारा व्रण

प्रश्न (फोंडा)

माझे वय ३९ आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली असून ओटीपोटावर आडवा जुना व्रण आहे. त्यावर कातडीची सैल घडी लोंबते आणि पावसाळ्यात तिच्या आत घामाने वारंवार चट्टे उठतात. पोटाचे स्नायू मध्यभागी फाकल्याचेही तपासणीत दिसले, म्हणून टमी टक (पोटाची सैल कातडी काढून फाकलेले स्नायू शिवण्याची शस्त्रक्रिया) करून घेण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. मात्र लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचली, त्या जागी जाड, खाजरी गाठ झाली आणि ती मूळ खुणेच्या बाहेर पसरत गेली. पोटावरही तसेच झाले तर काय, ही धास्ती मनातून जात नाही. छेद नेमका कुठून घेतात, सिझेरियनचा व्रण त्यात जातो का आणि परकराची नाडी त्यावर घासते का, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा)

ताई, माझी शस्त्रक्रिया डिसेंबर २०२१ मध्ये झाली. व्रण लांब असतो, हे आधी मान्य करूनच पुढे जा. पूर्ण टमी टकमध्ये छेद ओटीपोटाच्या खालच्या भागातून कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो, आणि वरची कातडी खाली ओढल्यावर बेंबीसाठी नवे छिद्र करावे लागत असल्यामुळे तिच्याभोवतीही टाके येतात. मिनी टमी टकमध्ये छेद आखूड असतो आणि बेंबीला हात लावत नाहीत, पण बेंबीच्या वरची कातडी सैल असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. माझा सिझेरियनचा व्रण काढून टाकलेल्या कातडीबरोबरच गेला.

छेदाची रेषा रुग्णाला उभे करून पेनाने आखतात. त्या वेळी मी रुग्णालयाच्या गाऊनमध्ये होते आणि परकर कुठे बांधते हे सांगायचे मला सुचले नाही. उजवे टोक थोडे वर गेले आणि नाडी नेमकी तिथेच येते. आजही मला ती वर सरकवून बांधावी लागते. म्हणून रोजचा परकर आणि आतले कपडे बरोबर न्या व रेषा त्यांच्याखाली येते का, हे स्वतः पाहा. व्रण चौथ्या महिन्यात सर्वांत गडद आणि टणक होता, तेव्हा मी रडले होते. दीड वर्षाने तो फिका आणि सपाट झाला.

उत्तर (मडगाव)

मी अनेक वर्षे शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. बाई, दंडावरच्या गाठीची गोष्ट पहिल्याच भेटीत सर्जनना सांगा आणि ती गाठ त्यांना दाखवा. जखमेच्या हद्दीतच राहणारा जाड व्रण बहुधा कालांतराने बसतो. हद्द ओलांडून वाढतो तो केलॉइड, आणि तुमच्या वर्णनावरून गाठ त्याच प्रकारची वाटते. खांदा, छाती, कानाची पाळी या जागी केलॉइड अधिक होतो. ओटीपोटावर त्याचे प्रमाण कमी असले तरी शाश्वती कोणी देऊ शकत नाही. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने नियमित वापरतात, आणि व्रण उचलू लागल्याचे दिसताच त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते; मात्र त्यासाठी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टीखाली घामोळे येते, म्हणून ती रोज काढून त्वचा धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी.

ताण सर्वांत जास्त छेदाच्या मध्यभागी पडतो आणि रक्तपुरवठाही तिथेच सर्वांत क्षीण असतो, त्यामुळे जखम उकलली तर बहुधा तिथेच उकलते. धूम्रपान करणाऱ्यांना किमान चार आठवडे आधी ते थांबवण्यास सांगतात, त्याचे कारण हेच. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा बरगडीखालचा लांब व्रण असेल तर तोही सांगावा, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आधीच कापलेल्या असतात.

प्रश्नकर्ती (फोंडा)

दोघींचे मनापासून आभार. जुलैमध्ये शस्त्रक्रिया केली तर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) मी कामाला लागू शकेन का? घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, मीच बांधते.

उत्तर (मडगाव)

स्नायू शिवले असतील तर साधारण सहा आठवडे वजन उचलता येत नाही, आणि हात वर ताणून नारळ-सुपारीचे घड बांधणे त्याहून लवकर मुळीच नको. चवथ होऊ द्या आणि पाऊस ओसरल्यावर तारीख घ्या. घामाचा त्रासही तेव्हा कमी असेल.