क्रुगरमध्ये स्वतःच्या गाडीने फिरावे की शेजारच्या खासगी अभयारण्यात राहावे?

प्रश्न : पाणकणीस

येत्या ऑगस्टमध्ये मी, माझी ६८ वर्षांची आई आणि ९ वर्षांचा मुलगा असे तिघे दक्षिण आफ्रिकेला जाणार आहोत. त्यातल्या सहा रात्री जंगलासाठी राखून ठेवल्या आहेत. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या तळांवर मुक्काम करून भाड्याच्या गाडीने आपले आपण फिरावे, की उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या साबी सँड किंवा तिंबावाती अशा खासगी अभयारण्यात राहावे, हे काही केल्या ठरत नाही. खासगी लॉजच्या एका रात्रीच्या खर्चात उद्यानातल्या तळावर अनेक रात्री निघतात, त्यामुळे जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे आधी समजून घ्यायचे आहे. आईचे गुडघे दुखतात आणि मलेरियाचीही धास्ती वाटते. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : रानवाट

मी साबी सँडमध्ये दोनदा आणि तिंबावातीत एकदा राहिलो आहे. सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. खासगी अभयारण्यातले प्राणी वेगळे नसतात. साबी सँड आणि क्रुगर यांच्यामधले कुंपण १९९३ मध्ये काढून टाकले गेले, त्यामुळे आज सकाळी लॉजच्या पाणवठ्यावर आलेला हत्ती संध्याकाळी राष्ट्रीय उद्यानात चरत असू शकतो. फरक आहे तो ते पाहण्याच्या पद्धतीत. उद्यानात तुम्हाला रस्ता सोडता येत नाही आणि सूर्यास्ताच्या सुमारास तळावर परतावेच लागते. खासगी अभयारण्यात उघड्या गाडीतून दिवसाला दोन फेऱ्या होतात, अंधार पडल्यावरही फिरता येते, बिबट्या किंवा सिंह दिसल्यास गाडी रस्ता सोडून झुडपांत नेता येते, आणि एका प्राण्यापाशी एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबाव्यात, हे गाडी चालवणारे वाटाडे, म्हणजे रेंजर, वायरलेसवरून आपापसांत ठरवतात.

पण माझ्या मते खरे पैसे मोजायचे ते गाडीच्या बॉनेटवर, डाव्या बाजूच्या छोट्या खुर्चीत बसून प्राण्यांचा माग काढणाऱ्या ट्रॅकरसाठी. पहिल्या मुक्कामातली एक सकाळ सांगतो. उजाडल्यावर तासाभराने ट्रॅकरने हात वर केला आणि गाडी थांबली. वाळूत बिबट्याच्या पंजाचे ठसे होते. ते ताजे असतील असे आम्हा सर्वांना वाटले, पण त्याने खाली उतरून आम्हाला जवळून दाखवले : ठशाच्या आत दवाच्या थेंबांचे बारीक खड्डे होते आणि एका कडेवरून किड्याच्या पायांची नाजूक रेघ गेली होती. म्हणजे बिबट्या तिथून रात्रीच गेला होता आणि त्याच्या मागे जाण्यात अर्थ नव्हता. पुढे कोरड्या नदीपात्रापाशी दुसरे ठसे सापडले, त्यांच्या कडा धारदार होत्या आणि आत एकही खड्डा नव्हता. रेंजर आणि ट्रॅकर थोडा वेळ बोलले, मग ट्रॅकर पायी पुढे गेला आणि आम्ही गाडीत शांत बसून राहिलो. काही वेळाने पलीकडून इंपाला हरणाचा धोक्याचा फुत्कार ऐकू आला, वायरलेसवर दोन शब्द आले, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा मारुलाच्या झाडावर बिबट्याची मादी शिकार घेऊन बसली होती. बिबट्या दिसला याचा आनंद झालाच, पण तो कसा सापडला हे डोळ्यांदेखत समजत गेले, हे मला जास्त मोलाचे वाटते. ही विद्या असलेले अनेक ट्रॅकर त्याच भागातल्या शांगान समाजाच्या गावांतले असतात आणि काहींच्या घरात ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असते. त्यांच्याशी आवर्जून बोला.

लॉज निवडताना खोलीसमोर पोहण्याचा तलाव आहे का, यापेक्षा प्रत्येक गाडीवर ट्रॅकर असतो का आणि एका गाडीत किती पाहुणे बसवतात, हे विचारा. एकाच ठिकाणी किमान तीन रात्री राहा. पहिला दिवस नुसती नजर सरावण्यातच जातो.

आईंविषयी : गाड्या उंच असतात आणि मागच्या रांगा चढत्या असतात. आरक्षणाच्या वेळीच कळवले तर बहुतेक लॉज पायरीची सोय करतात. त्यांना चालकाच्या लगेच मागच्या रांगेत बसवा, तिथे हादरे सर्वांत कमी लागतात. ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पहाटे उघड्या गाडीत वारा अक्षरशः बोचतो, त्यामुळे कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

उत्तर : मोपाने

रानवाट यांनी लिहिलेले सगळे खरे आहे, तरीही मी क्रुगरच्या बाजूने बोलणार आहे. खासगी फेरीत रेंजर तुम्हाला प्राण्यापर्यंत नेतो. स्वतःच्या गाडीत तुम्ही स्वतः शोधता, आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. माझ्या मुलीने स्काकुझा ते लोअर साबी या उद्यानातल्या दोन तळांमधल्या नदीकाठच्या रस्त्यावर मांडीवर नकाशा घेऊन स्वतःची नोंदवही भरली होती. लोअर साबीजवळचे सनसेट डॅम रस्त्याला इतके खेटून आहे की गाडीत बसूनच पाणघोडे आणि मगरी तासन्तास पाहता येतात, आणि तिथून कोणी चला म्हणत नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा मात्र काटेकोरपणे पाळा, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरू नका.

माझ्या मनात एक शंकाही आहे. रस्ता सोडून झुडपांत गाड्या घातल्याने जमीन तुडवली जाते, आणि रात्री दिवे मारून प्राण्यांमागे जाणे कितपत योग्य आहे, हे मला अजून पटलेले नाही.

उत्तर : रानवाट

शंका रास्त आहे. चांगल्या अभयारण्यांत रस्ता सोडण्याची मुभा ठरावीक प्राण्यांपुरतीच असते आणि पावसाने भिजलेल्या जमिनीवर गाडी घालत नाहीत. दिव्याबद्दल एक पाहिलेली गोष्ट लिहितो. रात्री बिबट्या इंपालांच्या कळपाकडे सरकू लागताच आमच्या रेंजरने दिवा आणि इंजिन दोन्ही बंद केले, कारण उजेडाने इंपालांचे डोळे दिपले असते आणि शिकारीचा निकाल आमच्यामुळे लागला असता. आम्ही मिट्ट काळोखात बसून फक्त खुरांचा आवाज ऐकला. सगळेच रेंजर असे वागतात असा दावा मी करणार नाही. जो वागत नाही त्याला तिथेच नम्रपणे सांगावे.

उत्तर : शुभ्रकांत

मलेरियाबद्दल : क्रुगर आणि त्याला लागून असलेली सर्व खासगी अभयारण्ये मलेरियाच्या पट्ट्यात येतात. ऑगस्ट कोरडा आणि थंड असल्याने धोका कमी असतो, पण शून्य नसतो, म्हणून आई आणि मुलगा दोघांसाठीही निघण्यापूर्वी पुरेसा वेळ ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्या. चिंता जात नसेल तर बोत्स्वानाच्या सीमेवरच्या माडिक्वेचा विचार करा. तिथे मलेरिया नाही, हिंस्र प्राणी भरपूर आहेत आणि १९९१ मध्ये स्थापन झालेले ते अभयारण्य गुरांच्या जुन्या चराऊ जमिनींवर हजारो प्राणी आणून उभे केले गेले आहे.

मुलाच्या वयाची अट आधी विचारा. अनेक लॉज सहा वर्षांखालच्या मुलांना फेरीला नेत नाहीत, आणि पायी सफारीची वयोमर्यादा तर बरीच वर असते, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला गाडीतूनच फिरावे लागेल. बऱ्याच लॉजना कुंपण नसते. अंधार पडल्यावर खोलीपर्यंत सोबत यायला माणूस येतो, त्याच्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही, हे मुलाला नीट समजावून ठेवा. गेंड्याची शिंगे कापलेली दिसली तर त्याला धक्का बसेल, तेव्हा हेही सांगा की चोरट्या शिकारीपासून वाचवण्यासाठी ती बेशुद्ध करून कापतात आणि नखांसारखी पुन्हा वाढतात. गेंड्याचे छायाचित्र टाकताना ठिकाण मात्र कधीही लिहू नका.

शेवटची गोष्ट मी कळकळीने लिहितो. खासगी अभयारण्य या नावाखाली सिंहाचे छावे मांडीवर देणारी, सिंहांबरोबर फिरवणारी ठिकाणेही आहेत. असे छावे आईपासून तोडलेले असतात आणि मोठे झाल्यावर त्यांना जंगलात सोडता येत नाही. काही कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. मुलाने कितीही हट्ट केला तरी तिथे एक रँडही देऊ नका.

पाणकणीस

सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री लोअर साबीच्या तळावर स्वतःच्या गाडीने आणि नंतरच्या तीन रात्री साबी सँडमध्ये, असे ठरवत आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दवाच्या खड्ड्यांची गोष्ट मुलाला वाचून दाखवली, तेव्हापासून तो दारातल्या मातीत मांजराचे ठसे शोधतो आहे. एकच विचारायचे राहिले : आधी क्रुगर आणि मग लॉज हा क्रम योग्य, की उलट?

रानवाट

आधी क्रुगर. तीन दिवस स्वतः शोधून थकलेल्या मुलाला ट्रॅकर काय करतो आहे, हे चटकन कळेल.

मोपाने

याबाबत मात्र आमचे एकमत आहे. नोंदवही दोन्हीकडे न्या.