मायएसक्यूएल: ऑर लावलं की नको ते सभासद येतात, आणि पासवर्ड बरोबर टाकला तरी लॉगिन होईना

खानापूरचा_बीसीए
नमस्कार मंडळी. गावच्या दूध सोसायटीसाठी सभासदांची छोटी साईट करालोय, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस, लॅपटॉपवर हे दोन्ही चालवायला झॅम्प टाकलाय. मोबाईलवरून लिहितोय म्हणून कोड देवनागरीतच टाकतो, समजून घ्या.

एक, नंदगड आणि जांबोटीच्या ज्या सभासदांकडं ५००० च्या वर उचल बाकी आहे तेवढेच पाहिजेत. लिहिलंय असं: व्हेअर गाव = 'नंदगड' ऑर गाव = 'जांबोटी' अँड बाकी > ५०००. जांबोटीचे बरोबर येतात पण नंदगडचे झाडून सगळे येतात, ज्यांची एक रुपया बाकी नाही तेपण.

दोन, फोन नंबर न भरलेले काढायला फोन = नल लिहिलं तर एकही ओळ येईना, बरं मग फोन != नल करून बघितलं तर तरीपण येईना. दोन्हीपैकी एक तरी खरं असायला पाहिजे की.

तीन, पीएचपीचं पासवर्ड_हॅश वापरून पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली, उलट फिरवता न येणारी अक्षरं) टेबलात ठेवलाय. लॉगिनच्या वेळी तोच पासवर्ड परत हॅश करतो आणि व्हेअर पासवर्ड = असं तपासतो, कधीच जुळत नाही. एका जुन्या व्हिडिओत पासवर्ड() हे फंक्शन होतं, ते लॅबमधल्या मायएसक्यूएल ८ वर एरर देतंय. साधा पासवर्डच ठेवू काय सरळ? आपल्या सोसायटीत कोण बघणार आहे.

उद्यमबाग_डेटावाला
भावा पहिली दोन मी सांगतो. अँड हा ऑरच्या आधी सोडवला जातो, त्यामुळं तुझी ओळ डेटाबेस अशी वाचतो: गाव नंदगड असेल तर घे, नाहीतर जांबोटी आणि बाकी ५००० च्या वर असेल तर घे. ५००० ची अट नंदगडला लागलीच नाही. कंस घाल: (गाव = 'नंदगड' ऑर गाव = 'जांबोटी') अँड बाकी > ५०००. किंवा गाव इन ('नंदगड', 'जांबोटी') अँड बाकी > ५०००, हे बरं, उद्या अजून चार गावं आली तरी वाचता येतंय. मी तर जिथं अँड आणि ऑर एकत्र आले तिथं गरज नसली तरी कंस घालतो, सहा महिन्यांनी दुसरा कोण वाचणार त्याला कोडं नको.

नलचं असं आहे की नल म्हणजे शून्य नाही, रिकामा मजकूरपण नाही, नल म्हणजे किंमत माहीतच नाही. माहीत नसलेल्या गोष्टीशी = लावा नाहीतर != लावा, उत्तर खरंही नाही आणि खोटंही नाही, नलच येतं, आणि व्हेअर फक्त खरं असलेल्या ओळी पुढं सोडतो. म्हणून फोन इज नल, उलट पाहिजे तर फोन इज नॉट नल. आणि हे बाकीलापण लागू आहे बघ, बाकी != ० लिहिलंस तर ज्यांच्या बाकीत नल आहे ते सभासद गुपचूप गळतात, एरर येत नाही काही नाही, वर्षअखेरीला हिशोब जुळंना झाला की मग शोधत बसायचं. बाकीचा कॉलम नॉट नल डिफॉल्ट ० करून सोड.

गावाच्या नावांचंपण बघून घे. आपल्याकडं याद्यांत कुणी बेळगाव लिहितो कुणी बेळगावी, काही नावं कन्नड लिपीत असतात. = ने एकच सापडतं. लाईक 'बेळगाव%' (% म्हणजे पुढं काहीही) केलं तर पहिली दोन्ही येतील पण कन्नडातली नाहीत. गावांचं वेगळं टेबल कर आणि सभासदाला गावाचा नंबर जोड.

टिळकवाडीची_डीबीएमएस
मी डिप्लोमाच्या पोरांना हेच शिकवते, म्हणून तिसऱ्यावर लिहिते. साधा पासवर्ड ठेवू नकोस, मनापासून सांगते. गावात कितीतरी जणांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर, आणि तोच ते बाकी सगळीकडं वापरतात. तुझा बॅकअप एका पेनड्राईव्हवरून बाहेर गेला तर सोसायटीचं जाऊ दे, त्या माणसांची दुसरी खाती उघडी पडतात.

आता जुळत का नाही ते. पासवर्ड_हॅश दरवेळी नवीन सॉल्ट, म्हणजे आपोआप निवडलेली काही अक्षरं, घालतो, त्यामुळं एकच पासवर्ड दोनदा हॅश केला तर दोन वेगळी उत्तरं येतात. ती तशीच यायला पाहिजेत, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी टेबल बघून ते कळत नाही. तेव्हा = चा इथं उपयोगच नाही. युजरनेमवरून ओळ काढ, त्यातला हॅश पीएचपीत आण आणि टाईप केलेल्या पासवर्डसोबत पासवर्ड_व्हेरिफाय ला दे, सॉल्ट त्या हॅशमध्येच लिहिलेला असतो, ते फंक्शन तो काढून घेतं. आणि कॉलम किती लांबीचा आहे? पासवर्ड_हॅश बीक्रिप्ट नावाची पद्धत वापरतो, तिचा हॅश ६० अक्षरांचा असतो. व्हारकॅर(५०), म्हणजे ५० अक्षरांपुरता, केला असशील आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी किंमत नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर शेवटची १० अक्षरं नुसत्या वॉर्निंगवर कापली जातात आणि मग व्हेरिफायपण होणार नाही. २५५ ठेव.

पासवर्ड() हे मायएसक्यूएलच्या स्वतःच्या खात्यांसाठी होतं, सभासदांसाठी कधीच नव्हतं, आवृत्ती ८ मधून काढूनच टाकलंय. एमडी५ ही हॅशची जुनी पद्धतपण नको, फार भराभर चालते. १० आकडी नंबर म्हणजे जास्तीत जास्त १००० कोटी शक्यता, चांगल्या ग्राफिक्स कार्डाला त्या सगळ्या ताडून बघणं काहीच नाही. बीक्रिप्ट मुद्दाम हळू केलाय.

खानापूरचा_बीसीए
दादा, मॅडम, लई उपकार झाले. कॉलम ५० चाच होता! २५५ केला, व्हेरिफाय लावला, लॉगिन झालं. आता ओळ अशी आहे: "व्हेअर युजर = '" च्या पुढं फॉर्ममधलं नाव जोडतो आणि परत कोट बंद. आणि पासवर्ड मराठीत ठेवला तर चालतोय काय?

उद्यमबाग_डेटावाला
थांब, ते जोडणं आधी काढ. कुणी नावाच्या जागी ' ऑर '१'='१ असं टाकलं तर तुझी ओळ होते: व्हेअर युजर = '' ऑर '१'='१'. ऑरची एक बाजू कायम खरी, म्हणजे सगळं टेबल हातात. आणि जुन्या पद्धतीनं युजर अँड पासवर्ड एकाच ओळीत तपासत असतास तर पासवर्डच्या जागी हेच टाकून काम झालं असतं, कारण तुझ्या नंदगडसारखंच, अँड आधी सुटतो, ऑर मोकळा राहतो. पहिली ओळ बहुतेक ठिकाणी अॅडमिनचीच असते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर, जागेवर प्रश्नचिन्ह ठेव आणि किंमत वेगळी पाठव, मग कोट टाकला काय आणि ऑर टाकला काय, ते नुसतं नाव म्हणूनच वाचलं जातं. झॅम्पचा रूट (सगळे हक्क असलेला डेटाबेसचा युजर) बिनपासवर्डचा असतो, साईट चढवताना तो वापरू नको, वेगळा युजर कर आणि त्याला त्या एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट (वाचणं, भरणं, बदलणं) एवढंच ग्रँट दे.

टिळकवाडीची_डीबीएमएस
मराठीत चालतो, फक्त बीक्रिप्ट पहिले ७२ बाईटच बघतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून. 'नंदगड' म्हणजे ५ चिन्हं, १५ बाईट. तर २४ चिन्हांच्या पुढचं कुणी काहीही टाईप केलं तरी लॉगिन होईल. कन्नड लिपीलाही हेच. पीएचपीतलं स्ट्रलेन बाईटच मोजतं, फॉर्म आला की ७२ च्या वर असेल तर तिथंच नाकार आणि सभासदाला पासवर्ड लहान करायला सांग.