मदत हवी आहे : बाबांचा ईसीजी अॅबनॉर्मल, ट्रोपोनिन निगेटिव्ह. आजच्या कोकणकन्येने मुंबईला नेऊ का?

हापूसवाला_देवगड (दु. १२.४०)
बाबांच्या छातीत दुखतंय. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. कागदावर वर छापून आलंय: 'अॅबनॉर्मल ईसीजी, टी वेव्ह अॅबनॉर्मॅलिटी, कन्सिडर अँटिरिअर इस्केमिया' (म्हणजे हार्टच्या पुढच्या भागाला रक्त कमी पडत असेल). ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली का ते बघायची रक्ततपासणी) मात्र निगेटिव्ह. मग हार्टचं आहे की नाही? दोन रिपोर्ट दोन गोष्टी कशा सांगतात? भावाने रात्रीच्या कोकणकन्येची तिकिटं काढलीत. जरा लवकर सांगा, आंब्याच्या पेट्या भरायच्या पडल्यात.

निळी_छत्री (१२.४६)
वय? शुगर, बीपी? दुखणं कधीपासून? रक्त किती वाजता घेतलं?

बाणकोटकर (१२.४९)
मशीन काहीही छापतं हो. माझ्या मेव्हण्याच्या कागदावरही असंच होतं, काही निघालं नाही. सरळ ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून ईसीजी) करा, दूध का दूध.

हापूसवाला_देवगड (१२.५५)
वय ६१. शुगरची गोळी आहे. काल पेट्या उचलल्या, म्हणून आई म्हणते लचक. पण मी विचारलं ते कोणीच सांगत नाहीये. जाऊ की नको?

तिरपागडो (१२.५८)
गॅस असतलो रे. माका गेल्या वर्साक असोच दुखलेला. ओवो नि काळा मीठ गरम पाण्यातसून घेतलंय, अर्ध्या तासात मोकळो.

ईसीजी_काका (१.०४)
निवृत्त टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. तीस वर्षं हेच कागद काढले. हापूसवाले, छापलेलं वाचन मशीनचं असतं, ते चुकतंही. म्हणून डॉक्टरनेच कागद बघायचा. पण ट्रोपोनिन निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात दिसायला साधारण ३ ते ६ तास लागतात. दुखणं सुरू झाल्यावर तासाभरात रक्त घेतलं असेल तर निगेटिव्हला काडीचा अर्थ नाही, ते परत करावं लागतं. रक्त कधी घेतलं ते अजून सांगितलं नाहीत.
उलटे टी, म्हणजे खाली वळलेल्या टी लाटा, कुठल्या लीडमध्ये (कागदावरच्या कुठल्या रेषेत) आहेत? व्ही २, व्ही ३ का? आणि जुना ईसीजी आहे का घरात? जुन्यातही तेच असेल तर गोष्ट वेगळी.

हापूसवाला_देवगड (१.१२)
व्ही २ ते व्ही ४. जुना नाही. दुखायला ११ वाजता लागलं, रक्त साडेअकराला. आता कमी आहे, पण डावा हात जड वाटतोय म्हणतात. घाम आला होता सकाळी.

निळी_छत्री (१.१३)
हे आधी का नाही सांगितलंत!! १०८ ला फोन करा, आत्ता. शुगरवाल्यांना दुखणं कमी जाणवू शकतं.

ईसीजी_काका (१.१५)
बाणकोटकर, अशा माणसाला ट्रेडमिलवर चढवायचं नसतं. व्ही २-३ मध्ये टी उलटे आणि दुखणं येऊन-जाऊन असेल तर मुख्य रक्तवाहिनीच अरुंद असू शकते. धावायला लावलं तर तिथेच अॅटॅक येऊ शकतो.

बाणकोटकर (१.१८)
मेव्हण्याची मीच करवली, काही झालं नाही. तुम्ही सगळ्यांना घाबरवता.

ईसीजी_काका (१.१९)
मेव्हण्याचे टी उलटे होते का?

मुंबईची_सून (१.२१)
कोकणकन्येत रात्रभर डॉक्टर कुठून आणणार? आधी कणकवली किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. सिंधुदुर्गातले पेशंट बांबोळीलाही (गोव्याच्या मेडिकल कॉलेजात) नेतात, कुठे न्यायचं ते १०८ वाल्या डॉक्टरांनाच विचारा. ऍस्पिरिनही त्यांना विचारूनच, अल्सर किंवा ॲलर्जी असली तर नको. घरातली सॉर्बिट्रेट (छातीदुखीची गोळी) कोणी जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर आणखी उतरतं.

तिरपागडो (१.२६)
हायवेचो चौपदरी अजून पुरो जावक नाय, गाडी वेळेत येतली काय?

निळी_छत्री (१.२७)
तो धागा वेगळा आहे ना!

हापूसवाला_देवगड (१.३१)
गाडी बोलावली. तिकिटं रद्द करायला भावाला सांगितलं, तो चिडलाय. बाबांना झोपवू की बसवू?

ईसीजी_काका (१.३२)
बसते-टेकते ठेवा, चालवू नका. जिना असेल तर उचलून. ईसीजीचा कागद बरोबर घ्या, वर वेळ लिहा.

हापूसवाला_देवगड (रा. ९.५०)
दुसरं ट्रोपोनिन वाढलेलं आलं. टू-डी इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) हार्टच्या पुढच्या भिंतीची हालचाल कमी आहे म्हणे. उद्या सकाळी अँजिओग्राफी (हार्टच्या रक्तवाहिन्यांची तपासणी). आई अजूनही लचकच म्हणते. पेट्या शेजाऱ्यांनी भरून पाठवल्या.

वालावलकर_आबा (१०.१४)
माझ्या पत्नीचाही टी उलटा आलाय, तिला दुखत मात्र काही नाही. ओवा चालेल का?