मदत हवी आहे: जठराच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दाहाचे निदान कसे पक्के करावे?

वडिलांच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडला असून, आता त्यांच्या पोटात वरच्या बाजूला सतत जळजळ होते आणि हिरवट-पिवळी, कडू उलटी होऊनही दुखणे थांबत नाही. एंडोस्कोपीत जोडाजवळचे अस्तर लालसर दिसले व पित्त (यकृतातून आतड्यात येणारा पाचकरस) साचलेले आढळले. मात्र अशी लाली शस्त्रक्रियेनंतर काहीही त्रास नसलेल्या रुग्णांतही दिसते, म्हणून केवळ तिच्यावरून पित्तजन्य दाह ठरवणे मला घाईचे वाटते. बायोप्सीचे तुकडे जोडापासून दूरच्या अस्तरातूनही घ्यावेत का? जठरात दाह करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठीची श्वासचाचणी अशा जठरात कमी भरवशाची ठरते, तर कोणती तपासणी करावी? पित्ताचा उलटा प्रवाह दाखवणारा हायडा स्कॅन कोणी करून घेतला असल्यास, त्यामुळे उपचारांची दिशा बदलली का, हे कृपया कळवावे.