वावरातल्या नेटवर्कवर चालन अशी हलकी एचटीटीपी लायब्ररी कोणती?

कपाशी_दारव्हा: राम राम मंडळी. आमच्या इकडच्या शेतकऱ्यांसाठी कापसाचा रोजचा भाव दाखवणारं लहानसं वेब पेज बनवून रायलो, म्हणजे गाडी भरायच्या आधीच मोबाइलवर भाव पाहता आला पायजे. सध्या सर्व्हरवरून भाव आणायले ॲक्सिओस ही लायब्ररी (तयार कोड) टाकली हाये पण वावरात रेंज नावालेच, चाक नुसतं फिरत रायते. ॲक्सिओसपेक्षा हलकं काय हाये? एक नोंदणीचा फॉर्मबी हाये.

वणीचा_कोडर: भाऊ लायब्ररी काऊन पायजे? सर्व्हरकडून माहिती आणणारं फेच ब्राउझरातच हाये, डाउनलोड काहीच नाही. ॲक्सिओस 2014 चं, क्रोममध्ये फेच आलं 2015 ले, तवा गरज होती. आता काढून टाका.

पुसद_देव: फेच घ्या, पण चाक फिरण्याचं कारण लायब्ररीचं वजन नाही. ॲक्सिओसचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) मुळात शून्य असतो, म्हणजे तुम्ही सांगितलं नाही तर ते स्वतःहून थांबतच नाही, अन् फेचले तर टाइमआउटचा पर्यायच नाही, अबॉर्ट कंट्रोलर (रिक्वेस्ट रद्द करायची ब्राउझरातली सोय) लावून आपणच तोडावं लागते. शिवाय सर्व्हरनं 404 (पान सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरमध्ये बिघाड) दिलं तरी फेच त्याले एरर मानत नाही, रिस्पॉन्सवरची ओके ही खूण तपासली नाही तर एरर पेजलेच भाव समजून जेसन (डेटाचा साचा) म्हणून वाचायले जाते. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर केवाय ही लायब्ररी पाहा, सिंद्रे सोरहुस या प्रोग्रामरची, फेचवरच बसते, दुसऱ्या कुठल्या पॅकेजवर अवलंबून नाही. 10 सेकंदांचा टाइमआउट आधीच लावलेला, 404 वर एरर फेकते अन् गेट रिक्वेस्ट (माहिती मागणारी) फसली तर 2 वेळा पुन्हा मारते. तुमच्याकडे 10 सेकंद कमी पडतीन, वाढवून घ्या.

कपाशी_दारव्हा: अरे वा, हेच पायजे होतं! मंग फॉर्मबी आपोआप पुन्हा जाईन ना?

पुसद_देव: नाही, पोस्ट (फॉर्म पाठवणारी रिक्वेस्ट) केवाय मुद्दाम पुन्हा मारत नाही अन् तेच बरोबर हाये. रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचली, उत्तर येताना रेंज गेली, अन् पुन्हा पाठवलं की एकाच शेतकऱ्याची नोंद दोनदा. जबरदस्तीने रिट्राय चालू करू नका, आधी फॉर्मसोबत एक युनिक आयडी पाठवा अन् तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद करू नये, मंग बिनधास्त पाठवा.

वणीचा_कोडर: हे पटलं, टाइमआउटचं माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. भाऊ, शेवटचा आलेला भाव लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरातल्या साठ्यात) ठेवा अन् तारखेसकट दाखवा, तारीख ठळक पायजे, नाहीतर शिळा भाव पाहून कोणी गाडी भरन.