पोर्तुगालमध्ये बारा रात्री: दोरू खोऱ्याला किती दिवस द्यावेत?

वसईकर_मावशी:
नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझे यजमान बारा रात्रींसाठी पोर्तुगालला जाणार आहोत. दोघांचीही साठी उलटली आहे. यापूर्वी एका प्रवास कंपनीबरोबर अकरा दिवसांत पाच देश पाहिले, त्यांतले बसचे थांबे तेवढे लक्षात राहिले. म्हणून या वेळी थोड्याच ठिकाणी राहून तिथले अन्न, वाइन आणि इतिहास नीट समजून घ्यायचा आहे. माझे बालपण वसईच्या किल्ल्याच्या परिसरात गेले. 1534 पासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत ज्यांनी तिथे राज्य केले, त्यांचा देश पाहण्याची इच्छा फार जुनी आहे. सध्याचा आराखडा असा आहे: पोर्तो तीन रात्री, दोरू नदीचे खोरे दोन, कुइंब्रा एक, लिस्बन पाच, एव्होरा एक. वाइन आम्ही बेताचीच घेतो. मग दोरूला दोनपेक्षा जास्त रात्री देण्यात अर्थ आहे का? शिवाय मी शाकाहारी आहे, अंडी मात्र चालतात. माझ्या खाण्याचे कसे होईल?

नदीकाठ:
ताई, दोरूला किमान चार रात्री द्याव्यात असे मला मनापासून वाटते, आणि ते वाइन किती प्यायची यावर अजिबात अवलंबून नाही. आम्ही पिन्यांव या छोट्या गावी सहा रात्री राहिलो होतो. तिथले डोंगर शिस्ट जातीच्या पाषाणाचे आहेत. तो फोडून माणसांनी उतारावर पायऱ्या केल्या आणि त्यांना आधार म्हणून चुन्याशिवाय दगडी बांध रचले, अगदी आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे. मधूनच काही पायऱ्या ओसाड दिसतात. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने वेली मारल्यानंतर त्या पुन्हा कधीच लावल्या गेल्या नाहीत. तिकडे अशा जागांना ‘मोर्तोरिओ’ म्हणतात. हे सारे नदीवरच्या बोटीतून तासाभरात दिसते खरे, पण सकाळी एका काठावरून आणि संध्याकाळी समोरच्या उतारावरून चालत गेल्याशिवाय त्यामागचे कष्ट कळत नाहीत.

यामागचा इतिहासही वाइनमधूनच उलगडतो. 1703 च्या करारानुसार इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांश कमी जकात बसू लागली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळण्यापर्यंत मजल गेली आणि भाव कोसळले. तेव्हा लिस्बनच्या 1755 च्या भूकंपानंतर शहराची पुनर्बांधणी हाती घेणारे मंत्री पोंबाल यांनी 1756 मध्ये या खोऱ्याची हद्द आखून दिली आणि त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. त्यांतले काही आजही उभे आहेत. एखादा खांब शोधून पाहाच. कायद्याने आखलेल्या वाइन-प्रदेशांपैकी जगातल्या अगदी जुन्या प्रदेशाची ती सीमा आहे.

तुम्ही जाल तेव्हा द्राक्षतोडणी चालू असेल, त्यामुळे राहण्याची जागा आत्ताच ठरवून टाका. काही मळ्यांत अजूनही ग्रॅनाइटच्या रुंद, उथळ हौदांत पायांनी द्राक्षे तुडवतात. रस आंबत असताना, त्यातली बरीच साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांपासून काढलेला तीव्र मद्यार्क घालतात. त्याने आंबण्याची क्रिया थांबते, गोडवा टिकतो आणि मद्याचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर जाते. म्हणून पोर्ट, म्हणजे ही गोड वाइन, छोट्या पेल्यातूनच घ्यायची असते, आणि बेताने घेणाऱ्यांना तीच सोयीची. पूर्वी पोर्टची पिंपे ‘राबेलू’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली पोर्तोसमोरच्या गाया गावी नेत. वरच्या खोऱ्यातला उन्हाळा मुरवणीला सोसत नाही, समुद्राजवळची गार हवा सोसते. पोर्ट मुरवण्याची कोठारे त्यामुळेच गायाला आहेत. आधी खोरे आणि मग कोठारे असा क्रम ठेवता आला, तर फार बरे.

कोथिंबीर:
खाण्याविषयी लिहिते. मीही शाकाहारी आहे. ‘काल्दू व्हेर्द’ हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचे सूप सर्वत्र मिळते, मात्र त्यात सॉसेजची चकती घालतात आणि कधी कधी मूळ रसही मांसाचा असतो. म्हणून मागवण्यापूर्वी दोन्ही विचारून घ्या. एव्होराच्या बाजूला ‘असोर्दा’ अवश्य खा: लसूण आणि कोथिंबीर मिठाबरोबर कुटून, त्यावर ऑलिव्हचे तेल व गरम पाणी ओतून, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेले अंडे. युरोपात इतकी कोथिंबीर मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. इथेही पाणी साधे आहे की माशाचे, हे विचारायला विसरू नका.

सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे चीज. सेर्रा द इश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचे मऊ चीज प्राण्याच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने नव्हे, तर एका काटेरी रोपाच्या फुलांनी विरजतात, त्यामुळे तुम्हाला ते निश्चिंतपणे खाता येईल. बसल्याबरोबर मेजावर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असल्यास परत पाठवावे, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. आणि ‘बटाटा’ व ‘पाव’ हे शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले असल्यामुळे निदान तेवढे मागताना अडचण येणार नाही.

जुना_दस्तऐवज:
एव्होराला एकच रात्र देऊ नये. गावात रोमन मंदिराचे खांब आहेत, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते तो भोवतालचा आलेंतेजू प्रदेश. सुमारे तासाभराच्या अंतरावर विदिगेरा आहे. वास्को द गामा तिथला काउंट, म्हणजे सरदार, होता. 1524 मध्ये तो कोचीनला वारला, त्याचे अवशेष पुढे विदिगेरात आणले गेले आणि 1880 मध्ये लिस्बनच्या जेरोनिमुश मठात हलवले गेले. विदिगेराला लागूनच असलेल्या व्हिला द फ्रादेश गावात रोमन काळापासूनच्या पद्धतीने, माणसाच्या उंचीच्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. रांजण परंपरेने 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी उघडतात. तुम्हाला ती चाखायला मिळेलच असे नाही, पण ऑक्टोबरमध्ये रांजणांत द्राक्षे आंबताना दिसतील. वाटेत, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचे करतात त्या झाडांवर रंगवलेला आकडा पाहा: तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो, कारण पुन्हा साल काढायला नऊ वर्षे थांबावे लागते.

वसईकर_मावशी:
आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आता कुइंब्रा वगळून पिन्यांव चार, पोर्तो तीन, एव्होरा चार आणि जेरोनिमुश मठासाठी लिस्बन एक रात्र असे ठरवत आहोत. पिन्यांवला मोटारीने जावे की रेल्वेने?

नदीकाठ:
रेल्वेनेच जा. पोर्तोहून साधारण अडीच तास लागतात. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, कारण पहिला भाग ओलांडला की रूळ उत्तर काठाने नदीला अगदी खेटून जातात. पिन्यांवला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका: स्थानकाच्या भिंतींवर 1937 च्या निळ्या फरशा आहेत आणि त्यांवर द्राक्षतोडणीची दृश्ये रंगवलेली आहेत.