मदत हवी आहे: 1911 पिस्तुलात नवी स्प्रिंग आणि बफर, आता दोन तक्रारी

ह्यूस्टनच्या रेंजवर 25 यार्डांवर कागदी टार्गेट मारायला वापरायचं पिस्तूल आहे: 1911, पाच इंची बॅरल, .45 एसीपी. मूळची 16 पाउंडांची रिकॉइल स्प्रिंग (गोळी झाडल्यावर मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे आणणारी) काढून साडेअठराची बसवली आणि तिच्या आतल्या गाइड रॉडवर धक्का सोसणारा रबरी शॉक बफर चढवला. काडतुसं हलकी, 185 ग्रेन (गोळीचं वजन) वॅडकटर, म्हणजे टार्गेटसाठीची चपट्या टोकाची गोळी.

पहिली तक्रार: दर मॅगझिनमध्ये एखादी रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. तोंड वर, कडेला चेपलेली. बाकीच्या जेमतेम पायाशी पडतात. माझ्या मते हलक्या काडतुसाला ही स्प्रिंग जड आहे, स्लाइड पुरती मागे जात नाही. 230 ग्रेनच्या हार्डबॉलवर (गोल टोकाची, जड, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी) एकदाही अडकलं नाही, म्हणून पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरवर संशय कमी.

दुसरी: स्लाइड मागे अडकल्यावर नेहमीसारखी ओढून सोडली तर सुटत नाही, अंगठ्याने स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे धरून ठेवणारी कळ) दाबावाच लागतो. (मॅगझिन काढून, चेंबर दोनदा तपासून पाहिलंय.) बफरच्या जाडीने मागची उरलेली चाल खाल्ली असणार. की जास्त वेढ्यांची ही स्प्रिंग आधीच गच्च दबतेय? बफर काढून पाहणं बाकी आहे. रबरावर स्लाइडची खूण आत्ताच खोल उमटलीय. तुकडा निघून हॅमरच्या खाचेत पडला तर वेगळीच पंचाईत.

या काडतुसाला 12 पाउंड घ्यावी की 14? सोबत फायरिंग पिनची स्प्रिंगही बदलावी का? आणि स्प्रिंगचं बंद टोक गाइडकडे ठेवता की प्लगकडे?